सोजरबाईंच्या स्मरणार्थ

मराठवाड्यात जरा हिंडून येतो, असं मी घरी सांगितलं. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या. मी हिंडायला चाललो नव्हतो हे तिला ठाऊक होतं. मी माफी मागायला चाललो होतो, आणि जमलंच तर एका मुलीला दहावीच्या परीक्षेला बसवायला.

आधी मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कराडला माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची बिलं असली कामं. सकाळी नदीच्या घाटावर फिरणारे आम्ही सात-आठ जण आहोत, सगळे साठीच्या आसपासचे, सगळे लेकींचे बाप. मासिक पाळीमुळे खेड्यातल्या मुली दर महिन्याला चार-चार दिवस शाळा बुडवतात, असं आमच्यातल्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं, आणि या कामात पुरुषांनी पडायला हवं असं आम्ही ठरवून टाकलं. रिकाम्या माणसांचा उत्साह दांडगा असतो. माझा हॉस्टेलमधला मित्र व्यंकट अहमदपूरला औषधाचं दुकान चालवतो. तो म्हणाला, आमच्याजवळच्या एका गावातल्या शाळेपासून सुरुवात करू.

पॅड आम्हीच पाठवली असती, पण गावाचा हात लागला पाहिजे असं माझं म्हणणं. व्यंकट वर्गणीसाठी दारोदार फिरला. सप्त्याला पोतंभर ज्वारी देणारी माणसं हा विषय निघाला की म्हशीला पाणी पाजायला उठत. तेव्हा ती युक्ती मी काढली. आपल्याकडे नावाशिवाय दान होत नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर नाव असतं, शाळेच्या माठावर असतं, स्मशानातल्या बाकावरसुद्धा 'सप्रेम भेट' असते. मग पॅडच्या पाकिटावर दात्याच्या स्वर्गवासी आईचं नाव टाकलं तर? आईच्या नावाला नाही कोण म्हणणार? चार दिवसांत वर्गणी जमली.

स्टिकर मी स्वतः छापले. चार रंगांत, कडेने गुलाब, मध्ये 'कै. अमुकबाई यांच्या स्मरणार्थ'. डिंक उत्तमातला वापरला, सहज निघता कामा नये म्हणून. कार्यक्रमात प्रत्येक दात्याने आपल्या आईच्या नावाचं पाकीट एकेका मुलीला स्वहस्ते दिलं, त्याचे फोटो काढले, फोटोंचा फ्लेक्स शाळेच्या फाटकावर लावला. ती पुरुषमंडळी माइकवर पाळी हा शब्द उच्चारत होती. मंचावर बसून मी डोळे पुसले होते, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

नांदेड

गाडी सकाळी पोचली. स्टेशनसमोरच्या हॉटेलात पोऱ्याने समोर 'सुशीला' ठेवली. भिजवलेले मुरमुरे, कांदा, शेंगदाणे, वरून डाळ्याचं कूट. आमच्याकडे मुरमुऱ्यांचा चिवडा होतो, फार तर भेळ. बाईच्या नावाचा नाश्ता मी पहिल्यांदाच खाल्ला आणि एरवी त्यावर दोन विनोद केले असते. त्या दिवशी निम्मी प्लेट तशीच राहिली.

शाळेतल्या मॅडम नांदेडला राहतात आणि रोज येऊन-जाऊन करतात. पाकिटं त्यांच्याच कपाटात असत. त्यांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांनी पाणी दिलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"सर, पोरी पाकीट घेऊन जायच्या आणि आधी ते स्टिकर नखानं खरवडायच्या. निघायचंच न्हाई. तुमी कोणता डिंक लावला होता?"

मी डिंकाचं नाव सांगितलं नाही.

"मेलेल्या बाईचं नाव असलेली वस्तू त्या कामाला कशी वापरायची, अन वापरली तर टाकायची कुठं? जाळावं तर नाव जाळल्यासारखं, फेकावं तर फेकल्यासारखं. आर्ध्या पोरींनी पाकिटं कोठीत लपवून ठेवली. त्या पोरीनं वापरलं. हुशार होती, तिला वाटलं, वापरायलाच दिलंय की."

त्या मुलीचं नाव मी लिहीत नाही, गावाचंही नाही. तिच्या बाबतीत छापायचं तेवढं छापून झालंय. तिने वापरलेलं पॅड त्याच पाकिटात गुंडाळून उकिरड्यात पुरलं. कुत्र्याने ते उकरलं आणि ओढत पारापाशी आणलं. सकाळी पारावर माणसं होती. पाकिटावर नाव होतं, कै. सोजरबाई. सोजरबाई ही अण्णांची आई. अण्णा गावातले मोठे शेतकरी. आणि अण्णांनी ते पाकीट कुठल्या मुलीला दिलं होतं हे कुणाला विचारायचीही गरज नव्हती, फाटकावरच्या फ्लेक्सवर दोघं शेजारी उभे होते.

त्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. बापाने तिला उदगीरला आत्याकडे नेऊन ठेवलं. त्याला आता दोन महिने झाले होते.

"फॉर्म मी भरलाय तिचा," मॅडम म्हणाल्या. "आता जरी आली तरी बसवते मी तिला. लई अभ्यासू लेकरू. लातूरला क्लास लावीन, नर्स न्हाई, डॉक्टरच होईन मनायची. आणा तिला, सर. माझ्यानं न्हाई झालं. बाई बोलली की गावाला ते बायकांचं भांडण वाटतं. तुमी पुरुष हाव."

अहमदपूरकडे

एस.टी.त मी मागच्या बाजूला बसलो. बरोबर एक खोकं होतं, कोऱ्या पाकिटांचं, कुणाचंही नाव नसलेलं. मॅडमसाठी आणलं होतं, पण त्यांनी ते शाळेतच पोचवा म्हणून सांगितलं होतं. बाहेर तूर वाळून उभी होती, मध्ये हरभऱ्याचे हिरवे पट्टे. आमच्या कृष्णाकाठी नजर फिरवावी तिकडे ऊस. इथे जमीन काळी, मोकळी, आणि आभाळ फार मोठं वाटतं. चांगल्या मनाने गेलो असतो तर पोटभर पाहिलं असतं.

लोहा गावाच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि खोकं मांडीवरून निसटून फुटलं. पाकिटं कंडक्टरच्या पायापर्यंत घरंगळत गेली. अर्धी गाडी खिडकीबाहेर बघू लागली, कॉलेजची दोन पोरं तोंडावर रुमाल धरून हसली. मी ओणवा होऊन गोळा करत होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने एक पाकीट उचललं, उलटसुलट केलं.

"औषध हाय का?"

"बायकांचं आहे, बाबा."

खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने माझ्या मांडीवरच्या ढिगावर पसरला. "असं न्या. झाकून." उतरताना टॉवेल परत घ्यायलाही तो तयार नव्हता.

आमच्या कराडच्या बैठकीत या म्हाताऱ्याला मी मागासलेला म्हटलं असतं. लाज मोडायची, उघड बोलायचं, अशी आमची भाषा. पण त्या मुलीला नेमका हा टॉवेल हवा होता आणि आम्ही तिला माइक दिला. अहमदपूरपर्यंत मी तो मांडीवर धरून बसलो होतो. स्टँडच्या बाहेर लातूरच्या क्लासेसचे फ्लेक्स होते, टायवाल्या हसऱ्या पोरापोरींचे, चेहऱ्याखाली मार्क. त्यांच्याकडे मला बघवेना.

येळवस

दुसऱ्या दिवशी वेळा अमावस्या होती. लातूरकडे तिला येळवस म्हणतात. आमच्याकडे हा सण नाही. त्या दिवशी गावं ओस पडतात, माणसं सगळी रानात. कडब्याची कोप करून त्यात पाच पांडवांचे दगड मांडतात, नैवेद्य दाखवतात आणि येईल त्याला जेवायला बसवतात. ओळख लागत नाही. रस्त्याने जाणाऱ्याची मोटार अडवूनही जेवू घालतात. व्यंकट म्हणाला, "मोहन्या, अण्णाला भेटायचं तर आजच. आज त्यो कुणाला परतवत न्हाई."

अण्णांनी मला लांबूनच ओळखलं आणि चिंचेच्या सावलीत घोंगडीवर बसवलं. पत्रावळीवर भज्जी आली. वालाच्या, तुरीच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची, बेसन लावून चिंचेत शिजवलेली दाट भाजी, सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे आणि माठातली गार आंबील. इतकं चवदार जेवण मी वर्षात खाल्लं नव्हतं आणि घास उतरत नव्हता.

"हातानं घ्या, मोहनराव, लाजू नका. आज आमच्या रानातून पाव्हणा अर्धपोटी जायचा न्हाई."

व्यंकटला शेजारच्या रानातल्यांनी आंबिलीला ओढून नेलं. मी आणि अण्णाच राहिलो. म्हणालो, "अण्णा, चूक माझी आहे. त्या पोरीची नाही. नाव मी छापलं."

अण्णांनी कोपीकडे पाहिलं. सत्तरीचा, हाडापेराने मजबूत माणूस.

"छापलं तुमी, दिलं म्या. का दिलं ठाऊक हाय? माझी माय बाहेरची झाली की गोठ्यात बसायची, बैलापशी. पावसाळ्यात बी. मी लहान होतो, भाकरी लांबून सरकवायचो. ती मनायची, हात लावू नको रे बापू. लई वंगाळ वाटायचं. पर ती मरस्तोवर मी कधी इचारलं न्हाई, माय, कसं काढलंस मनून. तुमी आलात, मनलात आयांच्या नावानं द्या. मला वाटलं, आता इचारल्यासारखं होईल."

"खरंय," मी म्हणालो.

"अन एक दिस सकाळी येरवाळीच पारापशी मानसं जमलेली. एक जण वाचत होता, जोरात. सोजरबाई. मी तितंच हुबा होतो."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावर येऊ दिलं. मला वाटलं होतं एखादा अहंमन्य पाटील भेटेल, त्याच्याशी भांडता येईल. हा आईवेडा माणूस निघाला, आणि त्याच्या आईचं नाव मीच कुत्र्याच्या तोंडात दिलं होतं.

"पर पोरीला मी एक शब्द बोललो न्हाई, मोहनराव. कुणाला बी इचारा."

"आणि तिच्या वडलांना?"

"त्याला बी न्हाई. त्या दिसापासून बोललोच न्हाई त्याच्यासंगं."

मुलीचा बाप दिगांबर त्यांच्याकडेच वर्षाच्या कराराने कामाला. समोर बायकांना पाण्याच्या घागरी भरून देत होता. रोज पहाटे ज्याच्या दारात उभं राहायचं तो मालक दोन महिने तोंडातून शब्द काढत नाही, म्हणजे काय होत असेल ते मला त्याच्या वाकलेल्या मानेवरून दिसलं. अण्णांना मात्र आपण सोसलं, बोललो नाही, याचं समाधान होतं.

मी हात जोडले. "अण्णा, तिला शाळेत येऊ दे असं तुम्ही म्हणाल तर ती येईल. परीक्षा जवळ आलीय."

अण्णांनी वेळ लावला नाही. "दिगांबर, इकडं ये." दोन महिन्यांनंतरची ती पहिली हाक असावी, दिगांबर घागर तशीच टाकून आला. "हे सायेब काय मनतेत आइक. लेकरू येऊ दे शाळंत. माझी ना न्हाई."

"तुमी मनल्यावर काय, मालक," दिगांबर म्हणाला.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. अण्णा पुढे म्हणाले, "अन नुसतं येवढंच न्हाई. गावामुळं लेकराचं नुसकान झालं, ते गावानं भरून द्यायचं ठरलंय. पोरीसाठी वर्गणी चालू हाय. तुमाला काय वाटलं तर टाका त्याच्यात."

लातूरचा क्लास, राहायची सोय, पुस्तकं. माझ्या डोक्यात सगळं क्षणात मांडून झालं. खिशात परतीच्या भाड्यापुरतं ठेवून बाकी सगळं मी अण्णांच्या हातावर ठेवलं. अण्णांनी कुणालातरी हाक मारून माझं नाव लिहून घ्यायला सांगितलं. मग मी दोन वेळा भज्जी मागून घेतली.

उदगीर

तिसऱ्या दिवशी सकाळी दिगांबर आणि मी उदगीरच्या गाडीत बसलो. वाटभर तो माझ्याशी अदबीने बोलत होता आणि दर स्टॉपला चहा घ्या म्हणत होता. उदगीरला आलं की कानावर पडणारी भाषा बदलते, अर्धी मराठी, अर्धी कानडी. मुलीच्या आत्याचं घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे, दोन खोल्यांचं. आत्या दारात कुणाशी तरी कानडीत बोलत होती, आम्हाला बघून मराठीत आली आणि चहा टाकायला वळली.

मुलगी सुपात तूर निवडत होती. फ्लेक्सवर पाहिलेला चेहरा, पण हसू नसलेला. तिने पदर घ्यायला सुरुवात केली होती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. कशी माफी मागायची याचा सराव गाडीत केला होता, त्यातलं काही आठवलं नाही. "बाळ, माझं चुकलं," एवढंच निघालं.

"तुमचं काय चुकलं, काका? तुमी चांगल्यासाठी केलं." ती मनापासून म्हणाली, आणि त्यामुळे जास्त लागलं. "मॅडम बऱ्या हायत का?"

मी मॅडमचा निरोप सांगितला. फॉर्म भरलाय, अण्णांनी होकार दिलाय, उद्यापासून ये. ती ऐकत राहिली, हात सुपात चालूच.

"मी न्हाई येत."

"का?"

"शाळेत मला आता माझ्या नावानं कुणी बोलवत न्हाई. मी बाबाला सांगून दोन दिस गेले होते परत, मॅडमला ठाऊक न्हाई, त्या रजेवर होत्या. बाकावर बसले की मागून यायचं, सोजरबाई, सरक. सोजरबाई, पाणी दे. पोरं बी मनायचे अन पोरी बी."

"आम्ही बंद करू ते. शिक्षकांना सांगू."

"सरांनी हजेरी घेताना माझं नाव घेतलं. मागून कुणीतरी सोजरबाई मनलं. सर बी हसले."

मी दुसऱ्या वाटेने गेलो. "मग तिथे नको. इथल्या शाळेत बघू, नाहीतर थेट लातूरला. पैशाची काळजी करू नकोस. गावाने तुझ्यासाठी वर्गणी काढलीय."

सूप थांबलं. तिने बापाकडे पाहिलं. दिगांबरने चहाची बशी खाली ठेवली.

"सायेब, ती वर्गणी लग्नाची हाय."

मला आधी कळलंच नाही. तो समजावून सांगायला लागला, मोठ्या मायेने. स्थळ आलं होतं. नाव निघालेली पोर, पुन्हा कोण विचारणार? अण्णांनीच पुढाकार घेतला. मंडप गावाचा, जेवण गावाचं, भांडीकुंडी अण्णांची. "काल अण्णा मला बोलले, सायेब. तुमच्यामुळं बोलले. माझ्यासारख्या गरिबासाठी कोण करतंय येवढं? अन शाळंचं मनलात, तर परीक्षेपुरती येईल की ती. लग्नाआधी जमलं तर."

"ती सोळाची आहे. हा गुन्हा आहे. मी तक्रार करीन."

माझा आवाज चढला होता. आत्या आतून बाहेर आली. दिगांबर घाबरून हात जोडू लागला. ती तक्रार मी परतल्यावर केली, मॅडमनीही केली. साहेब बघतो म्हणाले आहेत, हे लिहीपर्यंत कुणी बघायला गेलेलं नाही.

मुलगीच शांत होती. "तक्रार झाली की पेपरात येईल, काका. पुन्हा माझं नाव वाचतील पारावर. बाबाला गाव सोडावं लागंल." मग तिने आत्याचा फोन उचलला, काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरला. गावाच्या ग्रुपवर आलेली यादी होती. वर गणपती, खाली 'लेकीच्या लग्नास सहकार्य करणारे दानशूर', आणि मग नावं. चष्मा नसल्यामुळे मला बारीक दिसेना. तिने बोटांनी अक्षरं मोठी केली.

"हे पहिलं, मोहनराव, कराड," ती म्हणाली. "तुमीच ना?"

मी हो म्हणालो.